तिसरा पुकारा

हट्टा गावात विश्वंभर मास्तरांच्या ओट्यावर परगावचं कोणी बाड घेऊन बसलेलं दिसलं, की शेजारणी एकमेकींना 'कोण आलंय' असं विचारत नसत. 'कुठल्या गावचं माणूस गेलं,' असं विचारत. बाड म्हणजे हाताने लिहिलेल्या पदांची वही. आपल्याकडे गावागणिक एखादा तरी असतो, नांगरामागे नाहीतर मेंढरांमागे चालता चालता पदं रचणारा. आणि बहुतेकांचं शेवटचं पद अर्धं राहतं, कारण मरण काही कडवं संपायची वाट बघत नाही. ती अर्धी पदं मास्तर पुरी करत.

आधी प्राथमिक शाळेत मास्तरकी आणि निवृत्तीनंतर पूर्ण वेळ हेच. घरी सोळा एकर रान होतं, ते भावाच्या स्वाधीन. मास्तर एकेका बाडाशी चार-चार महिने बसत. त्या माणसाच्या अक्षरांची ठेवण, त्याचे लाडके शब्द, तो कुठे श्वास घेतो, कुठे ताल मोडतो, हे सगळं घोकून अंगात मुरवत. मग अशी कडवी लिहीत की गेलेल्याच्या बायकोलाही फरक कळू नये. शेवटच्या ओळीत नाव येतं ना रचणाऱ्याचं, त्याला मुद्रा म्हणतात. ती मुद्रा मास्तर गेलेल्याचीच घालत, स्वतःची कधी नाही. लोक याला त्यांचा मोठेपणा म्हणत. मास्तरांचंही मत काही वेगळं नव्हतं.

मग गेलेल्याच्या गावच्या सप्ताहात ते पद उभं राहायचं. चाळीस टाळकरी, दोन पखवाज, आणि पुढे मास्तर, हातात एकच टाळजोडी. चाळीस माणसं त्यांच्या भुवईवर नाचत. पद संपलं की टाळ थांबत आणि मास्तर गेलेल्याच्या नावाने तीनदा हाक मारत, कोर्टात पुकारा देतात तशी. कोणी ओ देत नसे. ओ येत नाही, म्हणजे पद मोकळं झालं. मग मास्तर टाळाचा एक ठोका देत, 'टण्ण' करून, आणि त्या ठोक्यासरशी बाड लाल फडक्यात बांधलं जाई, गुराच्या दाव्याला मारतात तशा ओढेल तितक्या घट्ट होणाऱ्या गाठीनं. त्यानंतर ते बाड कोणी उघडायचं नाही. ही जुनी रीत आहे, असं मास्तर सांगत. खरं तर ती त्यांनी स्वतःच, पस्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी शाळेत पेपर तपासता तपासता रचली होती. पण रीत एकदा लोकांनी उचलली की तिचा बाप कोण हे कोणी विचारत नाही.

आठ वर्षांपूर्वी पुसेगावचा शिवहार आला. बाड वडिलांचं, नामाजीचं. नामाजी मेंढरं राखणारा माणूस. अख्खं आयुष्य कळपामागे गेलं आणि पदं मात्र अशी की मास्तरांनी दोन पानं वाचून चष्मा काढून ठेवला. शेवटचं पद एका चुकलेल्या मेंढीचं होतं. सात कडवी आणि मग कोरं पान.

"कवा गेले?" मास्तरांनी विचारलं.

"गेले न्हाईत, गुर्जी. वारा गेला अंगावरून. दोन वर्सं झाली, बाजेवर पडून हायेत. वळखतेत समद्यांला, पर तोंडातून शब्द न्हाई. आता काय पुरं व्हतंय त्यांच्या हातून. तुमीच करा."

इथे मास्तरांनी वही परत द्यायला हवी होती. त्यांनी दिली नाही. असं पद हाती लागून कोण परत देतं? भुकेल्यापुढे ताट आणि वर आग्रह. मास्तर म्हणाले, "ज्याचा आवाज गेला, त्याचं पद अडकून ठिवू न्हाई." वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं. शेजारी सुकन्या बसली होती, त्यांची शिष्या, तेव्हा नुकतीच डी.एड. झालेली. तिने ते वहीत टिपून घेतलं. मास्तरांचं प्रत्येक वाक्य ती टिपून घेई.

पुसेगावला देवळापुढच्या मांडवात नामाजीची बाज आणून ठेवली होती. पद असं रंगलं की माणसं उभी राहिली. मेंढी आठव्या कडव्यात सापडली, नवव्यात कळपात आली, आणि 'नामाजी म्हणे' अशी मुद्रा पडली. टाळ थांबले. मास्तरांनी पहिली हाक मारली, "नामाजी!" दुसरी मारली. तिसरी मारली तेव्हा ते बाजेपासून चार हातांवर उभे होते. म्हाताऱ्याच्या घशात काहीतरी हललं. मास्तरांना ते ऐकू आलं. कफ असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ठोका दिला.

नामाजी पाचव्या दिवशी गेला. पद पुरं झालं आणि जीव मोकळा झाला, असं मरण नशिबानं मिळतं, असं लोक म्हणाले. पण वर्षभराने वारंगा फाट्यावर, जीप बदलताना, नामाजीची बायको सत्यभामाबाई भेटली. लेकीकडे नांदेडला निघाली होती. चहाच्या टपरीवर ती मास्तरांच्या समोरच्या बाकड्यावर बसली.

"मास्तर, त्यांनी ओ देली व्हती."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"मी उशाशी व्हते. ओ देऊन राहिले व्हते, तीनी डाव. तुमाला ऐकू आली न्हाई का?"

"न्हाई, बाई," मास्तर म्हणाले.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून जीपमध्ये जाऊन बसली. मास्तरांचा चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून कोणी मागून हाक मारली की मास्तर दचकत, आणि ओ मात्र लगेच, जरा जास्तच मोठ्याने देत. बायको शकुबाई म्हणे, "आवं, मी हितंच हाय, काहून वरडून राहिलात?"

या सगळ्या काळात त्यांचं स्वतःचं एक पद अर्धं पडलेलं होतं. एक वाटसरू गावात येतो आणि दारोदार पाणी मागतो. आठ कडव्यांत आठ घरं. कोणी जात विचारतं, कोणी गाव विचारतं, कोणी दार लावून घेतं. नवव्या दारी त्याला पाणी मिळायचं होतं. ते कोण देतं, हे मास्तरांना अकरा वर्षं ठरवता आलं नव्हतं. दुसऱ्यांची पदं पुरी करणाऱ्याचं हे असं, दिव्याखाली अंधार. पण हे एकच पद असं होतं, की ज्यात 'विश्वंभर म्हणे' येणार होतं. बाकी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मुद्रेखाली गेलं होतं. हे एक कडवं आपल्या हाताने लिहून जायचं, एवढीच त्यांची मनातली मागणी होती.

मागच्या दिवाळीत आवाज बसला, तो उठलाच नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून बघितलं आणि शांतपणे सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. संक्रांतीच्या आधी ते काढलं. मास्तर घरी आले ते गळ्याला पांढरं फडकं बांधून. मास्तरकीतली जुनी पाटी माळ्यावरून खाली आली. जे बोलायचं ते तिच्यावर लिहायचं. पहिले काही दिवस लोक भेटायला आले. मग एक गोष्ट मास्तरांच्या ध्यानात यायला लागली. लोक त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलत. "लई मोठा माणूस व्हता," एकजण शकुबाईला म्हणाला, आणि मास्तर तिथेच भिंतीला टेकून बसलेले. कोणी त्यांचा जुना फोटो मागून नेला. कोणी विचारलं, मास्तरांचा जन्म कोणत्या साली. मास्तरांनी पाटीवर साल लिहिलं. तो माणूस शकुबाईकडे बघून "बराबर हाय ना?" म्हणाला.

फाल्गुनात सुकन्या आली. आता वसमतजवळच्या शाळेत शिकवत होती आणि भजनी मंडळही तीच उभं करत होती. आपल्या हाताखाली घडलेली पोरगी चाळीस माणसं पेलते, याचा मास्तरांना केवढा अभिमान. ती पाया पडली आणि म्हणाली, "गुर्जी, औंदा सप्त्यात तुमचं पद उभं करायचं म्हणून राहिलोत आमी. वाटसरूचं. तुमच्यादेखत."

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'शेवटचं कडवं मी लिहिणार.'

"लिवा की, गुर्जी. पर डॉक्टरांनी तकलीफ घेऊ नका म्हणलंय. नसलं जमत, तर मी हाय." मग ती जरा लाजून म्हणाली, "तुमीच म्हणले व्हते ना पुसेगावच्या टायमाला, ज्याचा आवाज गेला त्याचं पद अडकून ठिवू न्हाई. माझ्यापाशी लिवलेलं हाय."

त्यांनी पाटी पुसली. 'ते चूक होतं' एवढे तीन शब्द लिहायचे होते. मग ती विचारणार, काय चूक होतं. मग घशात हललेलं ते लिहावं लागणार, ऐकूनही दिलेला ठोका लिहावा लागणार, आणि फाट्यावर त्या बाईच्या तोंडावर मारलेलं 'न्हाई' लिहावं लागणार. लेखणी हातात घेऊन ते बसून राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला? सुकन्या बराच वेळ थांबली. मग कोरी पाटी बघून तिने त्यातून होकार घेतला, मास्तरांचं बाड पिशवीत घातलं आणि ती गेली.

पुढचे वीस दिवस मास्तर नववं घर शोधत होते. कागदावर कागद झाले, पण दार काही उघडेना. घोट घोट पाणी पिताना त्यांना वाटे, पाणी देणारं माणूस समोरच आहे, फक्त तोंड दिसत नाही. ते सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळपर्यंतही दिसलं नाही.

काल्याच्या दिवशी, ऊन चढायच्या आधी, मास्तरांना मांडवात नेलं. ते पाटी घ्यायला वळले, तर शकुबाई म्हणाली, "सत्काराला पाटी कशाला? बसायचंच तं हाय." गळ्यात हार पडला. हार घट्ट होता आणि फडक्याला घासत होता. सुकन्याने मास्तरांची जुनी टाळजोडी त्यांच्याच मांडीवर आणून ठेवली, मान म्हणून. मागे बॅनर होता, त्यावर तो जुना फोटो. बायकांमध्ये पुढेच कोणी म्हातारी बसली होती. मास्तरांनी नीट पाहिलं. सत्यभामाबाई. सुकन्याने शिवहारला आमंत्रण धाडलं होतं, मास्तरांचं सगळ्यात गाजलेलं काम पुसेगावचं म्हणून.

पद सुरू झालं. सुकन्याने भुवई उचलली आणि चाळीस टाळ एकदम पडले. आठ घरं झाली, आठ दारं लागली. मास्तरांनी डोळे मिटले. नववं कडवं तिचं होतं.

नवव्या दारी पोचला पाहुणा, तहान वाटेत सरली ।
विश्वंभर म्हणे, भरली घागर उंबऱ्यात तशीच उरली ॥

कडवं निर्दोष होतं. श्वास त्यांचा, शब्द त्यांचे, मोडलेला ताल त्यांचा. अकरा वर्षं शोधलेलं घर पोरीनं वीस दिवसांत शोधलं होतं, आणि त्या घरात कोणी राहत नव्हतं. पाणी न पिताच ज्याची तहान सरते तो मेलेलाच, हे मास्तरांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांना भीती वाटली, साधी, लहान लेकराला वाटते तशी.

टाळ थांबले. सुकन्या क्षणभर घुटमळली. पण रीत ती रीत, आणि मंडळ वाट बघत होतं.

"विश्वंभर!" तिने हाक मारली. गुरूचं नाव आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं असेल तिने.

मास्तरांनी तोंड उघडलं. फडक्याखालून नुसती हवा आली.

"विश्वंभर!"

त्यांनी शकुबाईकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती, कौतुकाने. मग त्यांनी सत्यभामाबाईकडे पाहिलं. ती मात्र डोळे पुसत नव्हती. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"विश्वंभर!"

मी आहे, हे सांगायला त्यांच्यापाशी आता एकच आवाज उरला होता. त्यांनी मांडीवरचे टाळ उचलले आणि सगळा जीव एकवटून एकमेकांवर आपटले. टण्ण.

मांडवभर शहारा आला. गुरुजींनी आपल्या हाताने ठोका दिला! लोक हात जोडून उठले, नावाचा गजर झाला, आणि सुकन्याने भरल्या डोळ्यांनी लाल फडकं पसरून बाड त्यात ठेवलं. मास्तर हात हलवत, मान हलवत उठायला लागले. दोघांनी त्यांना धरलं आणि पुन्हा खुर्चीत बसवलं, गहिवरलेत म्हणून. सुकन्याने गाठ ओढली आणि बाड त्यांच्या मांडीवर ठेवून पायांवर डोकं टेकवलं.

गर्दी काल्याच्या प्रसादाकडे वळली. सत्यभामाबाई तेवढी उठून जवळ आली.

"मला आली ऐकू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग ती शिवहारच्या मागे निघून गेली.

मास्तर गाठ सोडवत बसले. आधी बोटांनी, मग नखांनी, मग वाकून दातांनी. ती गाठ त्यांनीच शिकवलेली होती, त्यामुळे ती सुटत नव्हती.