डिझेलच्या पट्टीवरच्या खुणा

आमच्या बियाणे कंपनीच्या जाहिरातीसाठी मुंबईहून संगणकावर चालणारा कॅमेरा वडीगोद्रीजवळ कापसाच्या शेतात आला होता. संध्याकाळी तो परत जाणार होता आणि सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. पण कॅमेरा बोंडाजवळ सरकला की चित्र धूसर व्हायचं. ऑपरेटरने लेन्सच्या फोकसच्या कड्यावरची, सगळ्यात जवळची आणि सगळ्यात लांबची, अशी फक्त दोन टोकं संगणकात भरली होती. मधलं अंतर संगणक सारख्या भागांत वाटून घेत होता.

भाड्याच्या जनरेटरसोबत जालन्याहून आलेले मिस्त्री चिंधीला हात पुसत लेन्सवरचे आकडे निरखत होते.

"साहेब, तुम्ही सारखं धरून राह्यले, पण ह्या खुणा सारख्या न्हाईत. माझी डिझेलची टाकी आडव्या पिंपावानी हाय, दर लिटरला डिझेल सारखं चढत न्हाई. म्हून तिच्यात बुडवून मोजायची पट्टी म्या एकेक लिटर ओतून आखली."

"मिस्त्री, ही लेन्स आहे, टाकी नाही," ऑपरेटर हसला.

"मंग टाकीएवढी तरी मेहनत घ्या."

ऑपरेटरने टेप घेतला आणि एकेक अंतर मोजून प्रत्येक खूण संगणकाला दिली. ऊन उतरायच्या आत बोंडाचा धागान् धागा स्पष्ट दिसला.

"बराबर हाय," म्हणून मिस्त्री जनरेटरकडे वळले.

माझ्या यादीत त्यांची नोंद 'जनरेटर, एक नग' एवढीच होती. आता ती जाहिरात दाखवताना मी आधी सांगते, हे बोंड आमच्या जालन्याच्या मिस्त्रींनी फोकसमध्ये आणलंय.