दादाचं साइट सीन

लोणावळ्यात पर्यटकांना फिरवून आणण्याच्या धंद्याला 'साइट सीन' म्हणतात. शब्द चुकीचा आहे हे मला माहीत आहे, पण टॅक्सी स्टँडवर तोच चालतो, आणि माझ्या मोठ्या भावाने आयुष्यभर साइट सीनच केलं. भुशी धरण, टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, कार्ल्याची लेणी, शेवटी गाडी चिक्कीच्या दुकानासमोर उभी करायची आणि अंधार पडायच्या आत पाहुण्यांना हॉटेलवर सोडायचं. मी तळेगावात राहतो, एका कारखान्यात हिशेब बघतो. दादा मला नावाने क्वचितच हाक मारतो. "काय हिशेबनीस," असं म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी त्याची गाडी एका महिन्यात दोनदा डाव्या बाजूने घासली. एकदा टपरीच्या खांबाला, एकदा दुसऱ्याच्या उभ्या गाडीला. तोवर त्याच्या कुठल्याच गाडीवर ओरखडा नव्हता. वहिनी त्याला जवळजवळ ओढतच पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी सोबत होतो. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी तपासणीचं चित्र समोर धरलं. मध्ये थोडा पांढरा भाग आणि भोवती सगळं काळं.

"काळं आहे तिथली नजर गेली," ते म्हणाले. "ती परत येत नाही. मधली आहे ती औषधाने टिकेल तेवढी टिकवायची. अंधुक उजेडात तर अजूनच कमी दिसणार, सांभाळा."

मी विचारलं, "किती दिवस टिकेल? काही अंदाज?"

"नाही सांगता येणार."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "डाक्टरकडं बी ताळा मागतो व्हय रं?" आणि हसला. त्या दिवशी येताना गाडी मी चालवली. पुढे त्याने ती विकून टाकली.

घरी बसल्यावर तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचा. गाडीत बसणारे पाहुणे सिंगापूरच्या गप्पा मारायचे, त्या ऐकून ऐकून त्याला ते शहर पाठ झालं होतं. पाणी ओकणारा सिंह, तीन इमारतींच्या डोक्यावर ठेवलेलं जहाज, आकाशाला लागलेला पाळणा. "समद्यांनी बघितलंय. मलाच इचारायचे, तुम्ही नाही गेलात का, म्हणून." एके दिवशी वहिनी एकटी तळेगावला आली. दारातच म्हणाली, "भावजी, नजर हाय तवर यांना तेवढं दावून आणू." चहासुद्धा न घेता ती परत गेली.

आम्ही तिघे एका मराठी टूरबरोबर सिंगापूरला गेलो. आई घरी असल्यामुळे माझी बायको मागे राहिली.

पहिल्या सकाळी बस त्या सिंहापाशी थांबली. सगळे कठड्याकडे धावले. मी मागे वळून पाहिलं, तर दादा बसच्या पुढच्या चाकापाशी उभा. पाठ पाण्याकडे, तोंड बसकडे.

"दादा, इकडे ये की. तुला पाहायला आणलंय."

"सवय रं. पॉइंटला ड्रायव्हर गाडी सोडत न्हाई. काच फोडून पर्सा नेतात."

"ही बस काय तुझी आहे?"

"कुनाची का आसंना."

तेवढ्यात वहिनी परत आली. "इमानात बसून टायर बघाय आलाय व्हय?" असं म्हणून तिने त्याचा दंड धरला आणि त्याला सरळ कठड्यापर्यंत नेलं. सिंहाला खालच्या अंगाला माशाची शेपटी आहे. दादाने मान वरून खाली, मग खालून वर नेली. आता त्याला कुठलीही मोठी गोष्ट अशी तुकड्या-तुकड्यांनीच पाहावी लागायची.

"आपल्या लायन्स पॉइंटला लायन न्हाई, टायगर पॉइंटला टायगर न्हाई," तो म्हणाला. "हितं निदान पुतळा तरी हाय. शेपूट चुकली, ती सोडा."

टूरमधले सगळे हसले. मी त्याला हळूच विचारलं, "टायगर पॉइंटची दरी तू किती वेळा पाहिली असशील?"

"दरी?" तो जरा थांबला. "गिऱ्हाईक दरीकडं बघतंय, मी गाडीकडं. दुसरी गाडी घेतली तवा एकदा कड्यापतुर गेलतो. पार पांढरंफेक धुकं व्हतं."

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पण इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

पुढचे दोन दिवस चांगले गेले. ऊन होतं, आणि उन्हात त्याला बरंच दिसायचं. मी इमारतींची उंची सांगायला लागलो की तो हात वर करायचा. "मीटर नगं. मला बघू दे." एका बागेत काचेचा प्रचंड मोठा घुमट आहे. आत थंड हवा, उंचावरून पडणारा धबधबा आणि यंत्राने सोडलेलं धुकं. तो तिथे खूप वेळ उभा राहिला. तोंडावर तुषार येऊ दिले.

"धुकं डांबून ठिवलंय आन वर तिकीट," तो वहिनीला म्हणाला. "हे आपल्या लोकांना कळू देऊ नगंस. भुशीला कुनी यायचं न्हाई."

वहिनी इतकी हसली की तिने पदर तोंडाला लावला. दादाचा काचबिंदू निघाल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

पाळणा टूरच्या कार्यक्रमात शेवटच्या संध्याकाळी होता. दिव्यांमध्येच खरं शहर दिसतं, असं टूरवाला सांगत होता, आणि सगळे त्यासाठीच थांबले होते. बसमधून उतरलो तेव्हा उजेड मावळला होता. दादाने पायरीवर चाचपून वहिनीचा खांदा धरला. त्या क्षणी मला डॉक्टरांचं अंधुक उजेडाचं बोलणं आठवलं. मी म्हणालो, "आपण दोघं खाली बसू. वहिनी जाऊन येईल." वहिनीचा चेहरा उतरला. ज्या पाळण्यासाठी ती सहा महिने सगळ्यांशी भांडली होती, तो हाच. दादाला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती काही बोलली नाही हे त्याला कळलं असावं.

"चल रं," तो म्हणाला. "हितवर येऊन खाली बसतो व्हय?"

पाळणा म्हणजे काचेची बंद खोलीच होती. आत टूरमधले आठ-दहा जण होते. वहिनीने त्याला अगदी काचेपाशी उभं केलं. आम्ही सावकाश वर निघालो. खालचे दिवे लहान होत गेले.

"दिसतंय न्हवं?" तिने विचारलं.

मग गाडीत पाहुण्यांशी बोलतानाचा त्याचा तो आवाज लागला. "डाव्या हाताला बघा. त्या तीन बिल्डिंगी. वर जहाज ठिवलंय. खाली पानी, त्यात दिवं हालत्यात."

हा आवाज मी चांगला ओळखतो. पावसाळ्यात पॉइंटवर हाताचं बोट दिसत नाही इतकं धुकं असतं. गिऱ्हाईक चिडतं, पैसे परत मागतं. तेव्हा दादा काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि सांगायचा: समोर नागफणी, तिच्या खाली रेल्वेचा बोगदा, उजवीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले. पाहुणे पांढऱ्या धुक्याकडे बघत "वाह" म्हणायचे.

त्या इमारती आमच्या उजव्या हाताला होत्या.

वहिनीने डावीकडे पाहिलं. तिकडे काळं पाणी होतं. मग तिने उजवीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिने पुन्हा मान डावीकडे वळवली.

"व्हय की," ती म्हणाली. "दिसलं. लय भारी हाय."

"सांगत न्हवतो?" दादा म्हणाला.

पाळणा पुरा फिरून खाली येईपर्यंत तो सांगत होता आणि ती हुंकार देत होती. टूरमधल्या एका बाईंनी काहीतरी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तेव्हा वहिनीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

परत आल्यावर दादा रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊ लागला. तिथली तरणी पोरं त्याला आबा म्हणतात. "आबा, पाळन्यात डोळं मिटलं का उघडं ठिवलं?" असं कुणीतरी चिडवायचं आणि तो सुरू व्हायचा. मी एकदा मागे उभं राहून ऐकलं. छान सांगत होता.

पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी झाली. चित्रातला पांढरा भाग आणखी आकसला होता. डॉक्टरांनी औषध बदललं. वहिनी त्या दिवशी आली नव्हती. आम्ही दोघेच माझ्या गाडीतून जुन्या रस्त्याने परत येत होतो. वडगाव गेल्यावर दादा म्हणाला,

"हिशेबनीस, एक इचारू?"

"विचार."

"पाळना पार वर गेला तवा काय दिसत व्हतं रं?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"पोरं इचारत्यात. मी दर टायमाला तेच तेच सांगतो. आता त्यांना बी पाठ झालंय. तुज्या वहिनीला इचारता येत न्हाई. तिला वाटतंय, मला दिसलं."

मी कधी नव्हे इतक्या हळू गाडी चालवत होतो. म्हणालो, "उंची बघ, साधारण..."

"उंची नगं. दिसत काय व्हतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. दिवे होते. पाणी होतं. जहाजं किती, ती कुठल्या बाजूला, रस्ते कुठून कुठे जात होते, समुद्र कुठे सुरू होत होता, काही केल्या समोर येईना. मला अंदाजाने बोलता येत नाही. आणि खरं हे होतं की त्या इमारती उजव्या हाताला दिसल्यावर मी पुन्हा एकदाही काचेबाहेर पाहिलं नव्हतं. मी सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

"मी नाही पाहिलं, दादा," मी म्हणालो.

त्याने मान माझ्याकडे वळवली. एवढ्या जवळूनही त्याला माझा चेहरा शोधावा लागला.

"बरं, ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "फुडं बघून चालव."