नदीच्या वळणावर त्रिकोणांची जाळी

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी नेरजवळच्या आमच्या तांड्यावर येऊन राहिले होते. शेजारच्या नदीचं पाणी कॉम्प्युटरवर वाहतं करायचंय, असं मी घरी सांगितलं. वहिनीने शांतपणे विचारलं, "काहून? बाहेर वाहून राह्यलं ते पुरत नाही का?"

तेच तर जमत नव्हतं. नदीच्या वळणाचा नकाशा मी छोट्या छोट्या चौकोनांत कापला होता. त्यामुळे वाकडा काठ जिन्यासारखा झाला आणि पडद्यावरचं पाणी प्रत्येक पायरीला धडकून खोटेच भोवरे करू लागलं. प्रकल्पाच्या सरांनी फोनवर सुचवलं की चौकोन सोड, त्रिकोण घे, ते काठाला हवे तसे बसतात.

मग मी बिंदू ठेवले, काठाशी दाट, मध्ये विरळ, आणि कोणत्या तीन बिंदूंचा एक त्रिकोण होतो ते प्रोग्रामला सांगत गेले. बिंदू घड्याळाच्या उलट दिशेनेच मोजायचे असतात. मी एक त्रिकोण चुकीच्या दिशेने मोजला, तर त्याचं क्षेत्रफळ उणे आलं आणि तिथलं पाणी थेट आभाळाला भिडलं. मी हसतच दोन बिंदूंची अदलाबदल केली.

आता पाणी वळलं. काठाला लगटून, अगदी गुळगुळीत. पण वळण संपताच आतल्या काठाशी एक पट्टा चक्क उलटा वाहत होता! हेही खोटंच असेल, या शंकेने मला बसवेना. तुरीला पाणी देऊन आलेल्या वहिनीचा हात धरून मी तिला नदीवर ओढत नेलं. वाटेत पळसाची वाळलेली पानं गोळा केली.

पहिलं पान नदीच्या मधोमध पडलं आणि निघून गेलं. दुसरं मी आतल्या काठाशी सोडलं. ते थोडं पुढे जाऊन थबकलं, गोल फिरलं आणि काठाकाठाने आमच्याकडे परत यायला लागलं.

"हे पाह्य," वहिनी म्हणाली, "मांगं येऊन राह्यलं."

मी तिला मिठी मारली, तशा आम्ही दोघी घसरून गुडघाभर पाण्यात गेलो. सरांना फोन लावला, पण हसू आवरेना. शेवटी वहिनीनेच फोन घेऊन त्यांना सगळं नीट समजावलं. सरांनी व्हिडिओ मागितला. तो काढायचं आम्हाला सुचलंच नव्हतं, म्हणून ओल्या साडीचा पदर खोचून वहिनी आणखी पानं आणायला पळाली.