कौसल्याच्या हनुवटीवरचे पाच ठिपके

आमच्या पंचफुलामावशीला राग आला की ती पेन्सिल तासायला घेते. सुईसारखं टोक निघेपर्यंत तासते, ते मोडते, पुन्हा तासते. ती खरखर ऐकून माझी आई चुलीपासून म्हणते, "आज कोनाचं तरी काही खरं नाई." बहुतेक वेळा ते कोणीतरी म्हणजे सदाशिवराव फोटोग्राफर असतात, आणि ते तिथं नसल्यामुळे वाचतात.

सदाशिवरावांचा यवतमाळच्या बाजारात स्टुडिओ आहे. मावशी त्यांच्याकडे तीन वर्षं शिकली. सातवी पास, नवरा कामाला म्हणून वर्ध्याकडे गेला तो गेलाच, त्यामुळे मावशी पाटीपुऱ्यात आमच्याच खोलीत राहायची. अठ्ठावन्न साली आमच्या महिला मंडळाचा फोटो काढायला सदाशिवराव आले. काळ्या कापडात डोकं घालून ते बराच वेळ कॅमेरा मागंपुढं करत राहिले. मावशीनं तेवढ्यात दोन बाया उठवल्या, इकडच्या तिकडं बसवल्या. कापडातून डोकं बाहेर आलं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवाचं काय हाय त्याच्यात? हिची सावली तिच्या तोंडावर पडून राह्यली होती."

सदाशिवरावांचं बोलणं म्हणजे प्रत्येक शब्द आधी जिभेवर धुऊन, मग वाळत घातलेला. ते म्हणाले, "नजर आहे. हात कसा आहे ते पाहू. सोमवारी या."

सोमवारी ती गेली. तिथं तिच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता, मोरीजवळच्या खिळ्याला. आम्ही छप्पन्न साली नागपूरला जाऊन आलो होतो, घरातले जुने देव उतरवले होते, आणि इथं हा पेला. माझी आई भडकली. "कायले जातं तिथं? पान्यासाठी हात पुढं करते का आता?" मावशी म्हणाली, "पेल्याचं मंग पाहू. पहिले पेन्सिल तर हाती येऊ दे."

पेन्सिल हाती यायला दीड वर्ष लागलं. पण खोटं कशाला लिहू, सदाशिवराव शिकवायचे. उजेड कसा उत्तरेकडूनच घ्यायचा, काचेवर निळं कापड किती ओढायचं, एका गालावर उजेड पडला की दुसऱ्या गालाला थोडा उपाशी कसा ठेवायचा. "माणूस फोटोसाठी श्वास रोखतो, पंचफुलाबाई. रोखलेला माणूस म्हणजे प्रेत. तो श्वास सोडेल, तेव्हा दाबा." हे वाक्य मावशी आजही तसंच्या तसं सांगते, आणि सांगताना तिचीही जीभ धुतली जाते.

आणि मग रिटचिंग. उतरत्या चौकटीत काचेची निगेटिव्ह, खाली आरसा, आरशातून काचेमागे उजेड. काचेवर राळेचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पेन्सिल धरते. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरेल तिथं फोटोत उजळ येतं. देवीचे वण, सुरकुत्या, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं असं बारीक स्वल्पविरामांनी भरून काढायचं. "ठिपका नको. रेघ नको. स्वल्पविराम," सदाशिवराव म्हणायचे. "गिऱ्हाईक आरसा बघूनच आलेला असतो. आपल्याकडे तो त्याच्यापेक्षा बरं काहीतरी मागायला येतो." मावशीचे स्वल्पविराम वर्षभरात असे झाले की भिंगाखालीसुद्धा दिसेनात.

एकसष्टच्या माघात कळंबजवळच्या एका गावातून मथुराबाई नावाची बाई सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. लेकीचं नाव कौसल्या. ढाणकीकडचं स्थळ होतं, मुलाकडच्यांनी फोटो मागितला होता. कौसल्याच्या गालांवर देवीचे वण होते आणि हनुवटीवर गोंदलेले पाच हिरवट ठिपके. मथुराबाईच्या हनुवटीवरही तेच पाच, त्याच जागी. सदाशिवरावांनी तिला बसवलं, निळं कापड दोनदा ओढलं, थांबले, थांबले, आणि तिनं कंटाळून श्वास सोडला तेव्हा दाबलं. उजेड असा पडला होता की मावशी म्हणाली, मी तीन वर्षांत असा उजेड पाह्यला नाई.

"हा चेहरा तुम्ही एकटीनं करा," सदाशिवराव म्हणाले.

दोन दिवस मावशी त्या चौकटीपुढून उठली नाही. आधी गालावरचे वण गेले. मग हनुवटीवरचे पाचही ठिपके गेले. ठिपके निगेटिव्हवर स्वच्छ काचेसारखे दिसतात, ते भरायला सगळ्यात अवघड. सदाशिवरावांनी भिंग लावलं, जबड्याखाली काचेवरचा थर चाकूनं जरासा खरवडून सावली गडद केली आणि ते म्हणाले, "व्वा. आता कशी चांगल्या घरची दिसते."

संध्याकाळी मावशीनं हे घरी येऊन सांगितलं. मी ते "व्वा" त्यांच्या आवाजात तीनदा काढून दाखवलं, भिंग डोळ्याला लावून. आई हसली, मावशी हसली, शेजारची हसली. चांगल्या घरची म्हणजे कोणाच्या घरची, हे आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही. आम्ही, ज्यांचा पेला मोरीजवळ लटकतो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

फोटो न्यायला महिनाभर कोणी आलं नाही. सदाशिवरावांनी त्याची मोठी प्रत काढून दर्शनी खिडकीत लावली. नागपूरच्या प्रदर्शनाला तोच पाठवायचा बेत होता. खाली नाव अर्थात सदाशिवरावांचं.

मग मथुराबाई आली, एकटी. त्या दिवशी मी शाळेला दांडी मारून स्टुडिओत बसले होते, त्यामुळे पुढचं एकही वाक्य ऐकीव नाही.

तिनं पदराच्या गाठीतून पावती काढली. मावशीनं पाकीट दिलं. बाईनं फोटो बाहेर काढला, पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"हा माहा नाई. पोरीचा दे. कौसल्याचा."

"हा कौसल्याचाच हाय, बाई."

"मले शिकवतं माही पोरगी? हे कोन हाय?"

मावशीला राग आला. दोन दिवस डोळे फोडून केलेलं काम होतं ते. "नीट पाहा न. तिचाच हाय. वण काढले, गोंदन काढलं. लय मेहनत लागली. दोन दिवस."

मथुराबाईनं फोटो टेबलावर ठेवला. "पोरगी गेली माही. तापानं. वीस दिवस झाले. घरी एक लुगडं हाय तिचं अन् हे पावती." मग मान वर करून मावशीकडे पाहिलं. "अन् तुनं दोन दिवसांत सोळा वर्सांची पोरगी पुसून टाकली."

बाई रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं.

"हे ठिपके मी गोंदवले होते तिले," ती स्वतःच्या हनुवटीवर बोट आपटत म्हणाली. "पाच वर्साची होती. जत्रंत हरपली होती दिवसभर. सापडली तशी गोंदनारनीपुढं नेऊन बसवली. म्हटलं, आता कुठंही गेली तं लोक म्हनतीन, हे मथुरेची हाय. तुले कोन सांगतलं होतं काढाले?"

आतून सदाशिवराव आले. "काय झालं बाई? फोटो छान आलाय."

"छान नोको. माही पाह्यजे."

"अहो, तुमचीच आहे. जरा सुधारून दिली."

"बिघडली कवा होती?"

सदाशिवराव मावशीला म्हणाले, "समजावा यांना," आणि आत जायला वळले. मावशी त्यांच्या मागं गेली.

"मास्तर, ते काच द्या. टर्पेंटाइननं पुसतो. राळ निघाली का पेन्सिल निघते. खाली पोरगी जशीच्या तशी असन."

"वेड लागलं का? ती प्लेट नागपूरला जायची आहे. अजून दोन प्रती काढायच्या आहेत."

"पोरगी मेली, मास्तर."

"ऐकलं मी. वाईट झालं. पण या स्टुडिओतून वणाचा चेहरा बाहेर जात नाही. एकदा गेला की गाव म्हणेल, सदाशिवरावाला काम येत नाही."

"काम मी केलं."

"मी शिकवलं म्हणून केलंस." तीन वर्षांत पहिल्यांदा ते तिला अगं-तुगं करत होते. "त्या काचेला टर्पेंटाइन लावलंस तर उद्यापासून यायचं नाही. आणि नीट ऐक. जबड्यापाशी मी चाकूनं खरवडलंय. चाकूचं परत येत नाही. पुसूनही ती पूर्वीची होणार नाही, आणि माझं कामही जाईल. दोन्हीकडून गेलीस."

मावशीनं कपाटातून काच काढली. सदाशिवरावांनी तिचं मनगट धरलं नाही. शिवायचं नव्हतं म्हणून की काचेची भीती म्हणून, ते मला ठाऊक नाही. ती फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन एका बाजूनं पुसू लागली. एवढी चिडली होती, पण हात मात्र असा चालला जणू झोपलेल्या मुलाचं तोंड पुसतेय. मला तेव्हा कळलं की राग अंगात कुठंही असू शकतो, बोटं सोडून.

मग तिनं मथुराबाईला अंधारखोलीत नेलं. दारात मीही घुसले. लाल दिवा लागला. कागद काचेखाली ठेवून उजेड दाखवला आणि डेव्हलपरच्या ताटात सोडला. काळं असतं ते आधी उमटतं. केस आले. डोळे आले. मग चेहरा यायच्या आधी, नुसत्या पांढऱ्या कागदावर, पाच ठिपके आले.

मथुराबाईनं ताटाची कड धरली. नंतर गाल आले, गालावरचे वण आले. जबड्याखाली चाकूची एक काळी रेघ राहिली होती. बाईनं तिच्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"चाकूचं हाय. ते नाई निघत."

"तुह्या हातचं?"

"नाई," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "माह्या हातचं नाई, पन मी पाहून राह्यली होती."

फोटो पक्का करणाऱ्या हायपोत धुऊन मावशी म्हणाली, वाळू द्या तासभर. मथुराबाई म्हणाली मोटार जाते. आणि बाहेर येऊन ती दर्शनी खिडकीपुढं उभी राहिली. "हे बी काढ." रस्त्यावरचे दोघं-चौघं थांबले. सदाशिवराव दारात आले, म्हणाले, ती स्टुडिओची प्रत आहे, बाई. मथुराबाई म्हणाली, "तिथं माह्या पोरीच्या जागी दुसरी बसली हाय. तिले उठव." ती हलेना. मोटारीची वेळ तिनंच सांगितली होती, तरी हलेना. शेवटी सदाशिवरावांनी स्वतः काच सरकवून फोटो काढला आणि उलटा करून आत नेला. मावशीकडे त्यांनी पाहिलं नाही. मावशीनंही पाहिलं नाही. आमचा स्टुडिओ तिथं संपला.

ओला फोटो पदरात घेता येत नव्हता. म्हणून मावशी तो दोन्ही हातांत कडांनी धरून, आडवा, कळंबच्या मोटारीत बसली. मी खिडकीशी, मधे मावशी, पलीकडे मथुराबाई. कंडक्टर म्हणाला, "ते काय पापड घेऊन चालल्या का, बाई?" दोघींनी त्याच्याकडे एकदमच पाहिलं, आणि तो पुढं सरकला. खड्डा आला की मावशीचे हात वर जायचे, फोटो आडवाच.

कळंबहून गावापर्यंत पायी. घर म्हणजे कुडाची एक खोली. मथुराबाईनं फोटो घेतला, बाजेवर लुगड्याची घडी होती तिच्यावर ठेवला, आणि चुलीपुढं बसली. मावशी दारातच उभी. जायचं की थांबायचं, तिला कळेना. ती वळली.

"कुठं चालली?"

"घरी."

"जेवून जाय."

"नाई बाई, तुमाले राग आलाय."

"हाय न. राग हायच," मथुराबाई पिठात पाणी ओतत म्हणाली. "जाईन तवा जाईन तो. त्याच्यासाठी तू उपाशी कायले जातं? बस."

आम्ही बसलो. भाकर आणि तिखट चटणी. पाणी तिनं एकाच लोट्यातून तिघींना दिलं. जेवताना ती मावशीकडे एकदाही पाहत नव्हती, बाजेकडे पाहत होती, आणि वाळत्या फोटोच्या कडा वळायला लागल्या की उठून त्या अंगठ्यानं सरळ करत होती.