वाढत्या मापाची सायकल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माझं मलाच कळत नाही.

गंगापूरहून रिकाम्या हातांनी आलो आणि शेंद्र्यात स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. घासाघीस केल्याशिवाय मेथीची जुडीसुद्धा घेतली नाही कधी. लेकीला सायकल घ्यायची होती, तर निसारभाईंच्या दुकानाचं शटर वर जातानाच दारात उभा राहिलो. भवानीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही — एवढं मला पक्कं ठाऊक.

मोठी सायकल मागितली. कपडे, चपला — आमच्यात पोरांना सगळं वाढत्या अंगाचं घेतात. सायकलच तेवढी वेगळी का? निसारभाईंनी लेकीला सीटवर बसवलं. पाय लोंबकळत राहिले.

"सेठ, बच्ची कू बडी पडती," ते म्हणाले. मी ऐकेना, तसे हसले. "सायकल म्हंजे फ्रॉक नाय, टीप उसवून वाढवायला!"

दुकानातले सगळे हसले. लेकही हसली — आणि माझं डोकं फिरलं. हा मला शिकवणार? आज लहान विकायची, उद्या पुन्हा मोठी, हाच याचा धंदा! मोठीच घेतली, वर भाव पाडून. ते हसणं मात्र मनात धरून बसलो.

आठवड्याच्या आत लेक पडली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आडवी आली, ही पाय टेकायला गेली — जमीन लागलीच नाही. कोपर मोडलं. दवाखान्यात कण्हत म्हणाली, "पप्पा, पाय पुरला नाही."

आणि मी काय केलं? घरी आलो. पाना घेतला. ब्रेकची वायर ढिली केली — या हातांनी. मग ती सायकल दुकानापुढं ओढत नेली आणि भर बाजारात ओरडलो, की हा माणूस ब्रेक न तपासता पोराबाळांना सायकली विकतो.

निसारभाईंनी वायर पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. "ये मेरे हात की फिटिंग नई," एवढंच बोलले. पण हात मोडलेल्या पोरीच्या बापापुढं त्यांचं कोण ऐकणार? आमच्या कॉलनीनं तिथं जाणं सोडलं. पुढं दुकानच बंद पडलं. ते कुठं गेले, हे विचारायची हिंमत मला आजही होत नाही.

घरात लेक म्हणायची, "पण पप्पा, ब्रेक तर..." मी खेकसायचो, "तुला काय कळतं!" दर वेळी. मग तिनं ते म्हणणं सोडलं.

तिचं कोपर अजून सरळ होत नाही. वेणी घालताना हात अडकतो. ते बघवत नाही, आणि नजरही हटत नाही. रोज ठरवतो, आज सांगायचं. समोर बसतो. उठून जातो. कसं सांगायचं असतं असलं काही?

परवा ती कॉलेजातल्या मैत्रिणीला तो किस्सा सांगत होती — ब्रेक लागला नाही, म्हणून पडले. मी शेजारच्या खोलीत होतो. ती खोटं बोलत नव्हती. तिला आता तसंच आठवतं.