दल्ला कोणत्या हातात

मी शिल्पकार आहे असं मस्कतमधल्या कुणा मराठी माणसाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अरे वा, म्हणजे गणपती करता?" मी वसईची ख्रिश्चन, गणपती कधी केलेला नाही. पण समोरच्याचा उतरलेला चेहरा बघवत नाही, म्हणून "करेन की" म्हणते. पोटासाठी मी एका भारतीय शाळेत कला शिकवते. म्हणजे मी मुलांना मळलेली माती देते आणि मुलं "मिस, इट्स सो यकी" म्हणत नळाकडे पळतात. उरलेलं वर्ष गॅदरिंग खातं. किल्ले, गलबतं, एकदा तर धूर सोडणारा ज्वालामुखी, सगळं मी थर्माकोलमध्ये उभं केलंय. पडदा पडला की अर्ध्या तासात ते मोडून कचऱ्याच्या गाडीत जातं. इतकी वर्षं या देशात काम केलं आणि माझ्या हातचं काहीच उभं नाही, हे माझं खरं दुखणं होतं.

म्हणून मस्कतबाहेरच्या इब्रा गावच्या एका व्यापाऱ्याने शिल्प मागितलं तेव्हा मी किंमत न विचारताच हो म्हणून टाकलं. सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. त्याच्या नव्या इमारतीसमोर, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं काहीतरी त्याला हवं होतं. विषय पाहुणचार. मी लगेच ठरवलं: पुरुषभर उंचीचे दोन हात. एका हातात दल्ला, म्हणजे इथली कहव्याची, अरबी कॉफीची, लांब चोचीची किटली, आणि दुसऱ्यात बिनकानाचा छोटा कप.

हात नवऱ्याचे घेतले. ते खरंच सुंदर आहेत, कारण बौशरच्या ऑफिसात कीबोर्डपेक्षा जड काही त्यांनी कधी उचललेलं नाही. मॉडेल झाल्या दिवसापासून त्याने घरची भांडी घासणं सोडलं.

"कातडी खराब होते गं. पब्लिक आर्ट आहे शेवटी."

दल्ला उचलताना त्याने विचारलं, "कुठल्या हातात धरू?"

"उजव्या. डाव्या हाताने कुणी वाढतं का?"

त्यालाही ते पटलं. आम्ही दोघंही लहानपणी डावा हात पुढे केला म्हणून आईचे फटके खाल्लेली माणसं. या देशात कहवा आम्ही असंख्य वेळा प्यायलो होतो, पण वाढणाऱ्याच्या हातांकडे बघायला सवड कुणाला? आमचा डोळा शेजारच्या हलव्यावर.

रुसैलच्या फायबरच्या कारखान्यात, साचा काढण्याआधीचे मातीचे हात तयार झाले तेव्हा अर्बाब बघायला आला. त्याने एक फेरी मारली, मग दुसरी. "माशाल्ला," म्हणाला आणि दल्ल्याच्या हातापाशी जाऊन थांबला. मग म्हणाला, "मॅडम, साचा बनाने से पहले एक बार इब्रा आओ. कहवा पीने. सर को भी लाओ."

मला वाटलं, काय हा मान! मी ठेवणीतला ड्रेस घातला.

इब्र्याला त्याने नोकराला बाजूला सारून स्वतः कहवा ओतला. पुरे झाला की कप हलवून दाखवायचा, ही इथली रीत मला पाठ आहे. पण मी माझ्या शिल्पाचं कौतुक सांगण्यात इतकी रंगले होते की कप हलवायचंच विसरले. तो ओतत राहिला, मी पीत राहिले. दर वेळी दल्ला जरा जास्तच वर जाई आणि जरा जास्तच सावकाश, अगदी माझ्या नाकासमोर. शेवटी डोक्यात उजेड पडला. दल्ला त्याच्या डाव्या हातात होता. उजव्यात कप होता, कारण पाहुण्याच्या हातात जातो तो कप. उजव्या हाताने द्यायचं हे त्यांनाही त्यांच्या आयांनी शिकवलेलं, फक्त द्यायची वस्तू मी चुकीची धरली होती.

माझे कान तापले. "अर्बाब, आपने बोला क्यों नहीं?"

"मॅडम, तुम मेहमान. मेहमान का गलती हम कैसे बोलेगा?"

"और मैं नहीं समझती तो?"

"खलास. वैसाच लगाता."

म्हणजे हा भला माणूस स्वतःच्या दारात ते उलटे हात जन्मभर उभे ठेवणार होता आणि सगळ्या इब्र्याचं हसू मुकाट्याने सोसणार होता. मला हसावं की रडावं कळेना. पण घरी परतताना तो मेहमान शब्द टोचत राहिला. मुलगी इथे जन्मली, माझे केस इथे पांढरे झाले, आणि अजून सगळे माझ्याशी अदबीने वागतात. मीही तशीच वागते. माझा स्वभाव चांगलाच तिखट आहे, पण या देशात आवाज चढवायची माझी कधी छाती झाली नाही. भांडायला घरचं माणूस लागतं.

मातीचे हात मी स्वतः तारेने कापून पाडले. नवरा हळहळला, मग हळूच म्हणाला, "म्हणजे अजून महिनाभर भांडी नाहीत ना?"

शेवटी हात उभे राहिले, दल्ला डाव्यात, कप उजव्यात. आम्ही बघायला गेलो. गाड्या बाजूने जात होत्या आणि ते आपले उभे होते. मला रडू आलं, नवऱ्याला सांगितलं की ऊन लागतंय. अर्बाब शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम, अंगठा मोटा है."

"अंगठा माझा आहे!" नवरा मराठीतच ओरडला.

"और दल्ला का चोंच छोटा."

आता मात्र मी उसळले, "चोंच बिलकुल बराबर है! आपका दल्ला देख के बनाया!"

"हमारा चोंच बडा है."

"तो लाओ बाहर! अभी लाओ!"

त्याने खरंच आत माणूस पिटाळला. भर उन्हात मी आणि अर्बाब हातवारे करत एकमेकांवर ओरडत होतो, दुकानांतून माणसं बाहेर आली, नवरा माझी बाही ओढत होता. मी ती सोडवून घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा या देशात मनसोक्त भांडले.