तीन रांगांची फडकी

ताईबद्दल काहीतरी लिहून ठेव, असं भाचीने मला दोनदा सांगितलं. आयुष्यात मी पत्रांपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तीही बहुतेक ताईलाच. जमेल तसं लिहितो.

ताईची नासपतीची बाग होती. उतारावर बावीस रांगा. भावजी गेले त्याच वर्षी तिने झाडांमधली नांगरणी थांबवली आणि तिथे क्लोव्हर पेरलं. तीन पानांचं, पांढऱ्या फुलांचं, जमिनीला धरून पसरणारं. बी मोहरीहून बारीक, म्हणून वाळूत मिसळून फेकायचं. लोक हसले. शेजारचा पेटीवाला, म्हणजे मधमाश्या पाळणारा, कुंपणावरून म्हणाला, "बाई, लोक गवत काढायला माणसं लावतात, तुम्ही पेरताय?"

"उघडी जमीन बघवत नाही मला," ताई म्हणाली. "कुणीतरी पांघरूण ओढून नेल्यासारखी वाटते. आणि तुम्ही कशाला हसता? फुलं आली की तुमच्याच माश्या जेवायला येणार."

तसंच झालं. दोन वर्षांत तण दबलं, उतारावरची माती वाहायची थांबली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एक रोप उपटून मुळांवरच्या बारीक गुलाबी गाठी दाखवायची. "हे बघा, फुकटचं खत." प्रत्येक खोडाभोवती मात्र हातभर जमीन मोकळी ठेवायची, कारण हिरवळीत लपून उंदीर साल कुरतडतात. आणि पेटीवाला दरवर्षी मधाची पहिली बरणी तिच्याकडे आणून द्यायचा.

अडचण एकच होती. क्लोव्हर फुललेलं असताना झाडांवर औषध फवारलं तर ते खाली फुलांवर पडतं आणि माश्या मरतात. म्हणून फवारणीआधी सगळ्या रांगांमधली फुलं यंत्राने कापायची. ताईने त्यासाठी एक पद्धत बसवली होती. रांग कापून झाली की तिच्या वरच्या टोकाच्या खांबाला लाल फडकं बांधायचं. फवारताना तोंडावर मुखवटा असतो, चष्म्यावर वाफ धरते, पायाखालचं दिसत नाही. लाल फडकं तेवढं दिसतं. फडकं असलं तर रांगेत शिरायचं, नसलं तर पुढे जायचं.

"माणसाला विचारण्यापेक्षा फडक्याला विचारावं," ती म्हणायची. "ते थापा मारत नाही."

एका वर्षी कापणीला मी होतो. बावीस वेळा चढ चढून खाली यायचं जिवावर आलं, म्हणून सकाळीच वरच्या वाटेने जाऊन सगळी फडकी बांधून टाकली. कापायचंच आहे ना, म्हटलं. एकोणीस रांगा झाल्या आणि यंत्राचं पातं तुटलं. पातं घेऊन गावात गेलो. दुकानदार म्हणाला, उद्या ये. मी तिथेच एका मित्राकडे मुक्काम केला. ताईला निरोप द्यावा, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी तिने फडकी पाहिली आणि बावीसच्या बावीस रांगा फवारल्या.

सकाळी मी परतलो तेव्हा शेवटच्या तीन रांगांत फुलं तशीच उभी होती. फुलाफुलावर माश्या होत्या. काही गोल गोल फिरत होत्या, काही पाठीवर पडून पाय हलवत होत्या. एरवी त्या उतारावर असा गुंजारव असायचा की बोलताना आवाज चढवावा लागे. त्या सकाळी मला माझ्या बुटांचा आवाज ऐकू आला.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? तिन्ही फडकी सोडली आणि खिशात घातली.

ताई आली. खांबांकडे बघत राहिली. "इथे फडकी होती."

"नव्हती ताई. या तीन राहिल्याच होत्या. मी बांधली नव्हती."

"मी पाहिली रे."

"वाफेत दिसलं असेल काहीतरी."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग खाली बसली आणि एक माशी उचलून तळहातावर घेतली. पेटीवाला कुंपणापाशी येऊन उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाई, तुम्ही तरी..." एवढंच बोलला. आठवड्याभरात उरलेल्या पेट्या घेऊन तो निघून गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. "म्हणजे बिघाड वर आहे," ताई कपाळावर बोट ठेवून म्हणाली आणि हसली. त्यानंतर तिने पंप हातात धरला नाही. मग गाडी चालवणं सोडलं. गॅस बंद आहे का, हे शहरातल्या भाचीला फोन करून विचारायला लागली. जणू भाचीला तिथून दिसणार होतं. दुपारी खिडकीत बसली की मला विचारायची, "विसाव्या रांगेला फडकं आहे का रे?"

"नाही."

"मला दिसतंय."

सात वर्षं मी "नाही" म्हणत आलो. फडकी माझ्या कपाटात, औषधांच्या रिकाम्या डब्यात होती. पुढेपुढे मलाही एकटं बागेत जाताना मान वर करवेना. खांबांवर काहीतरी हलतंय असं वाटायचं.

शेवटी भाचीने ठरवलं, आईला शहरात न्यायचं आणि बाग विकायची. खोकी आणली. "मामा, तिला नसलेल्या गोष्टी दिसतात. तिला एकटीला कसं ठेवू?" ताई मुकाट्याने भांडी कागदात गुंडाळत होती. जिने भावजींपुढे कधी हार मानली नाही, ती म्हणाली, "पोरीचं बरोबर आहे. माझं मलाच खरं वाटत नाही."

मी घरी जाऊन डबा घेऊन आलो. बागेत गेलो, तिन्ही खांबांना फडकी बांधली. लाल रंग विटून विटकरी झाला होता. परत येऊन खिडकी उघडली.

"ताई, बघ. फडकी आहेत."

तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "तुलाही दिसायला लागली?"

"तेव्हाही होती. मी कापायच्या आधीच बांधली होती. सकाळी सोडून घेतली. तुझे डोळे ठीक होते."

भाचीच्या हातातली बशी तशीच राहिली. ताई उठली, बाहेर गेली, एकटी चढ चढून विसाव्या रांगेपाशी पोचली. फडकं बोटांनी चाचपलं. मी मागे जाऊन उभा राहिलो. शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती.

"कापलंस का?" ती म्हणाली.

"काय?"

"रांग. फुलं घोट्याला लागतायत. कापलंस का?"

"नाही."

"मग सोड ते. आधी काप."

मी फडकी सोडली. ती घरी गेली आणि भांडी एकेक करून पुन्हा फळीवर लावली. त्यानंतर पाच वर्षं ती तिथेच राहिली. गाडी पुन्हा चालवली. माझ्याशी नीट बोलायची, पण मी काही सांगितलं की उठून स्वतः बघून यायची. मीठ आहे म्हटलं तरी.

ती गेल्यावर आता बाग मी बघतो. रांग पूर्ण कापतो, मग फडकं बांधतो. घरी येतो, चहा ठेवतो. आणि गॅस बंद करून पुन्हा चढ चढून बघायला जातो.